चौथी नलिका : सोलापुरातील एका रूट कॅनाल उपचाराचे परीक्षण

मी यंत्रमाग कारखान्यांचे हिशेब लिहितो. कोणतेही बिल हातात आले की त्यात काय लिहायचे राहून गेले आहे हे आधी शोधण्याची सवय या कामाने लावली आहे. तरीही वरच्या डाव्या बाजूच्या एकाच दाढेसाठी पावणेदोन वर्षांत दोनदा पैसे मोजण्याची वेळ माझ्यावर आली, कारण पहिल्या वेळी ही सवय मी दवाखान्याच्या दाराशी चपलांबरोबर सोडून आत गेलो होतो. हे परीक्षण दुसऱ्या वेळचे, म्हणजे सात रस्ता परिसरातील एका दंत चिकित्सालयात डिसेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२४ या काळात घेतलेल्या फेरउपचाराचे आहे. पहिल्या दवाखान्याचे नाव देणे मला योग्य वाटत नाही आणि दुसऱ्याचेही मुद्दाम देत नाही. नाव कळले की माणसे तेवढ्यावरच निर्धास्त होतात आणि खुर्चीत बसल्यावर काही विचारत नाहीत, असा माझा घरातलाच अनुभव आहे.

पहिली वेळ मे २०२२ मधली. सोलापूरच्या मे महिन्यात थंड पाण्याशिवाय घास खाली उतरत नाही आणि नेमके तेच पाणी दाढेला लागले की कळ मस्तकात जाई. ही कळ पाणी गिळल्यावर लगेच न थांबता मिनिटभर रेंगाळत असे आणि रात्री आडवे पडल्यावर दाढ आपली आपणच ठणकू लागे. थंड लागून क्षणात थांबणारी कळ आणि अशी रेंगाळणारी कळ यांत मोठा फरक आहे, हे मला पुढे दुसऱ्या दवाखान्यात समजले. पहिल्या प्रकारात दाताचा गाभा, ज्याला आपण नस म्हणतो, अजून सावरू शकतो आणि साधे सिमेंट भरूनही भागते. दुसऱ्या प्रकारात बहुधा त्याची सूज परतीच्या पलीकडे गेलेली असते. दुसरीकडे कुठे सूज आली तर तिला फुगायला जागा मिळते, दातात मात्र चारही बाजूंनी कठीण भिंती असतात, आणि आडवे झाल्यावर डोक्याकडील रक्ताचा दाब वाढला की ती कोंडी आणखी घट्ट होते.

त्या आठवड्यात मी आईच्या सांगण्यावरून लवंग दाढेत धरली आणि स्वतःच्या शहाणपणाने औषधांच्या दुकानातून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणून पाच दिवस खाल्ल्या. लवंगेने निदान तासभर आराम पडे, गोळ्यांनी तेवढाही पडला नाही. त्याचे कारण सरळ आहे. नुसती नस सुजलेली असते तेव्हा तिथे मारण्यासारखा जंतुसंसर्ग अजून पसरलेला नसतो, आणि नस मेली की तिच्यातला रक्तपुरवठाच बंद पडतो, त्यामुळे रक्तातून येणारे औषध दाताच्या आत पोहोचत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही असे म्हटले आहे की, ज्यांची प्रतिकारशक्ती ठीक आहे आणि ज्यांना दातावरचा प्रत्यक्ष उपचार मिळू शकतो, अशा प्रौढांना बहुतेक दाढदुखीत अँटिबायोटिक देऊ नये. ताप येणे, चेहऱ्यावर सूज पसरणे, तोंड न उघडणे किंवा गिळायला त्रास होणे ही लक्षणे मात्र वेगळी आहेत; तिथे गोळ्याही लागतात आणि त्याच दिवशी डॉक्टरही गाठावा लागतो.

पहिल्या दवाखान्यात दोन बैठकांत रूट कॅनाल झाले, म्हणजे नस काढून दाढेच्या मुळांतल्या बारीक नलिका साफ करून भरल्या. गालात कापसाचे बोळे ठेवलेले, दर पाच मिनिटांनी उठून चूळ भरायची, पुन्हा आडवे व्हायचे. दुखणे थांबले, तीन हजार रुपये दिले, बिलावर ‘आर.सी.टी. – १’, म्हणजे एक रूट कॅनाल ट्रीटमेंट, एवढेच लिहून मिळाले. निघताना, मी दाराशी पोहोचलो असताना, “पंधरा दिवसांनी कॅप बसवून घ्या” असे सांगण्यात आले. मी ती बसवली नाही. दुखत नसलेल्या दाढेवर आणखी पैसे का घालायचे, असा माझा हिशेब होता. तो चुकला आणि ती चूक माझीच आहे. काम झाल्यानंतरचा एक्स-रे मला दाखवला गेला नाही, ही चूक मात्र माझी नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये डाव्या गालात जडपणा जाणवू लागला. सर्दी झाली असावी म्हणून आठवडाभर वाफ घेतली. मग दाढेच्या वर हिरडीवर तांदळाच्या दाण्याएवढी पुळी आली, ती दाबली की खारट चव येई आणि दोन दिवसांनी पुन्हा भरे. दुखत मात्र काहीच नव्हते. पुवाला बाहेर पडायला वाट मिळाली की दुखत नाही आणि मेलेल्या नसेला दुखायचे कारणच उरत नाही. म्हणून ‘दुखत नाही’ या एका गोष्टीवरून दाढ बरी आहे असे ठरवणे म्हणजे मीटर बंद पडल्यावर वीजबिल शून्य आले म्हणून आनंद मानण्यासारखे आहे. शेवटी एका रविवारी शेंगाचटणीबरोबर कडक भाकरी खाताना त्या दाढेचा कोपरा तुटून घासात आला, तेव्हा कुठे मी दुसऱ्या दवाखान्याचा जिना चढलो.

जिना म्हणजे खरोखर जिनाच आहे. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथे नेणे कठीण आहे. पावणेसहाची वेळ दिली असताना मला पहिल्या दिवशी सहा चाळीसला आत घेतले आणि उशीर होणार हे कोणी आधी सांगितले नाही. तीनही खेपांना हाच अनुभव आला. त्या प्रतीक्षेत एक गोष्ट मात्र पाहण्यासारखी होती. माझ्या आधी विणकर घरातील एक वृद्ध पद्मशाली बाई होत्या, त्यांना आतून तेलुगूत “नोरु तेरवंडी, अम्मा” असे हाक दिल्यासारखे ऐकू आले, त्यांच्यानंतर आलेल्या अक्कलकोटकडच्या गृहस्थांना त्याच आवाजात कानडीत “बायि तेगीरी” झाले, आणि मग माझी पाळी आली तेव्हा “काका, तोंड उघडा”. सोलापुरात डॉक्टरला तीन भाषांत तोंड उघडायला सांगता येते याचे नवल नाही. पण तोंड उघडायला सांगण्याआधी त्या डॉक्टर बाई प्रत्येकाला काय करणार आहेत तेही त्याच्याच भाषेत सांगत होत्या.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या दाढेला यंत्र लावलेच नाही. थंड केलेला बोळा आधी शेजारच्या दातांना लावून पाहिला, आरशाच्या दांड्याने एकेक दात हलकेच ठोकला, हिरडीत बारीक सळई घालून दाढेला उभी चीर गेली आहे का ते तपासले, एक एक्स-रे काढला आणि मला त्रिमितीय स्कॅन, म्हणजे सीबीसीटी, काढून आणायला सांगितले. मुळापर्यंत उभी चीर गेली असेल तर रूट कॅनाल पुन्हा करून उपयोग नसतो, दाढ काढावीच लागते, त्यामुळे पैसे घेण्याआधी हे पाहणे आवश्यक असते असे त्यांचे म्हणणे होते. स्कॅनचे दीड हजार वेगळे लागले आणि ते आधी फोनवर सांगायला हवे होते, ही माझी तक्रार मी त्यांनाही सांगितली.

स्कॅन पाहताना त्यांनी मला खुर्चीतून उठवून पडद्याजवळ उभे केले. “काका, ही तुमची वरची पहिली मोठी दाढ. हिला तीन मुळे असतात, म्हणून तीन नलिका असतील असे वाटते. पण गालाकडच्या पुढच्या मुळात बहुतेकांना दोन नलिका असतात. आधीच्या डॉक्टरांनी तीन नीट भरल्या आहेत. ही चौथी राहून गेली.” त्या मुळाच्या टोकाभोवती एक काळसर वलय होते, साधारण मुगाच्या दाण्याएवढे, तिथले हाड विरळ झाले होते, आणि त्याच्या वरचा सायनसचा, म्हणजे गालाच्या हाडातल्या पोकळीचा, पडदा सुजला होता. गालाचा जडपणा सर्दीचा नव्हता, हे तिथे उभ्या उभ्या कळले. आधीच्या डॉक्टरांविषयी त्या वाईट बोलल्या नाहीत, ही नलिका बारीक आणि आडोशाला असल्यामुळे नजरेतून सुटते एवढेच म्हणाल्या, आणि ते मला आवडले. फेरउपचार, दाढ काढून पुढे इम्प्लांट (हाडात बसवलेल्या स्क्रूवरचा कृत्रिम दात) किंवा ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात), किंवा सध्या काहीच न करणे असे तीन मार्ग त्यांनी मांडले. फेरउपचारानंतरही ही दाढ टिकेलच याची हमी देता येत नाही हेही सांगितले. वरची दाढ काढली की डोळ्याची नजर जाते, अशी आमच्या आत्याची ठाम समजूत आहे, तीही मी विचारून घेतली. डोळ्याची नस वेगळी, दाताची वेगळी. दाढ काढल्याने नजर जात नाही.

प्रत्यक्ष कामाची बैठक दीड तासाची झाली. बधिर करण्याचे इंजेक्शन हिरडीत टोचताना जे दुखले तेवढेच. वरच्या दाढा बधिर करणे तुलनेने सोपे असते. खालची दाढ ऐन ठणकत असेल तर एका इंजेक्शनाने ती पूर्ण बधिर होतेच असे नाही, जास्तीचे इंजेक्शन लागू शकते, आणि अशा वेळी रुग्णाने दात-ओठ न खाता हात वर करून सांगावे अशी त्यांची सूचना होती.

नंतर त्यांनी दाढेवर एक स्टीलचा चिमटा बसवून त्याभोवती हिरव्या रबराचा पातळ पडदा ताणला. त्या पडद्याला रबर डॅम म्हणतात. न्यूयॉर्कमधील सॅनफोर्ड बार्नम या दंतवैद्याने १८६४ मध्ये तो प्रथम वापरला, म्हणजे सोलापुरात पहिली कापड गिरणी उभी राहण्याच्याही आधीची ही युक्ती आहे, आणि तरीही ती सगळीकडे वापरली जात नाही. पडद्याच्या भोकातून फक्त दाढ वर येते. जीभ, गाल आणि लाळ खाली राहतात. लाळेत जंतू असतात, आणि सगळा खेळ जंतूंचाच आहे हे १९६५ मध्ये काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झजेराल्ड यांनी उंदरांवरील प्रयोगातून दाखवले होते. त्यांनी उंदरांच्या दातांना नसेपर्यंत भोके पाडून ती उघडी ठेवली. साध्या उंदरांच्या नसा मेल्या, तर पूर्णपणे निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या नसा त्याच जखमेखाली सावरल्या. हे समजल्यावर कापसाच्या बोळ्यांवर आणि दर पाच मिनिटांच्या चुळीवर पार पडलेला माझा पहिला उपचार आठवला. शिवाय केसासारख्या बारीक सळया घशात निसटण्याचा धोकाही हा पडदा टाळतो. तोंडाने श्वास घेण्याची सवय असलेल्याला पहिली दहा मिनिटे गुदमरल्यासारखे वाटते, एवढाच त्याचा दोष.

आत भरलेला जुना गट्टापर्चा, म्हणजे मलाया भागातील एका झाडाच्या चिकापासून मिळणारा रबरासारखा पदार्थ, त्यांनी सळयांनी उकरून काढला आणि सुईतून नलिका धुवायला सुरुवात केली, तेव्हा पडद्याच्या कडेने एक ओळखीचा वास आला. आमच्या कारखान्यांचे सूत जिथे ब्लीच होते तिथल्या हौदावर असाच वास असतो. मी हाताने खूण करून विचारले तर खरोखरच ते सोडियम हायपोक्लोराइट होते. ते नलिकेतले मेलेले अवशेष विरघळवते आणि जंतू मारते. तेच हाडात किंवा गालात गेले तर मोठी इजा करते, म्हणून ते हळूहळू आणि बाजूला भोक असलेल्या सुईने सोडायचे असते. सळया नलिकेला आकार देतात, पण जिथे सळई पोहोचत नाही अशा फटी साफ करण्याचे काम हे पाणीच करते, त्यामुळे घाईत उरकलेली बैठक रुग्णाला सुखाची वाटली तरी त्याच्या फायद्याची नसते.

नलिका किती खोल आहे हे मोजण्यासाठी ओठाच्या कोपऱ्यात एक छोटा आकडा अडकवला होता, त्याची तार एका यंत्राला आणि दुसरी तार नलिकेतल्या सळईला. सळई मुळाच्या टोकाजवळ जाऊ लागली की यंत्राची टिकटिक वाढत जाते आणि टोकाशी ती सलग होते. पाणी काही दिवसांआड येणाऱ्या शहरात टाकी भरल्याचा गजर ज्याने ऐकला आहे, त्याला हे यंत्र समजावून सांगावे लागत नाही. चौथी नलिका शोधायला मात्र सूक्ष्मदर्शकाखाली चाळीस मिनिटे गेली. त्यानंतर कॅल्शियम हायड्रॉक्साइड या जंतुनाशक औषधाची पांढरी लापशी भरून दाढ तात्पुरती बंद केली आणि पुढची तारीख जानेवारीतली गड्ड्याची यात्रा संपल्यावरची दिली. संक्रांतीला भोगीची बाजरीची भाकरी मी उजव्या बाजूनेच खाल्ली.

कामानंतर तीन दिवस चावताना दुखले. इतके दुखणे अपेक्षित असते, ते रोज कमी होत गेले पाहिजे, वाढत गेले तर फोन करावा, असे त्यांनी कागदावर लिहून दिले होते. वेदनाशामक गोळीआधी त्यांनी मूत्रपिंड, आम्लपित्त, रक्त पातळ करणारी औषधे आणि मधुमेह यांची चौकशी केली. अशी औषधे चालू असतील तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नयेत हेही बजावले.

दुसऱ्या बैठकीत चारही नलिका भरून झाल्यावर मला जो कागद मिळाला तो मी कारखान्यांच्या ताळेबंदांच्या फायलीत लावून ठेवला आहे. त्यावर दाढेचा क्रमांक २६ आहे, त्याखाली चार ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीत नलिकेचे नाव व तिची लांबी मिलिमीटरमध्ये आहे : १९.५, १९, १९ आणि टाळूकडच्या मुळाची २१. खाली काम सुरू होण्याआधीच्या व नंतरच्या एक्स-रेच्या प्रती टाचलेल्या आहेत आणि नंतरच्या प्रतीत चार पांढऱ्या रेषा मुळांच्या टोकांच्या किंचित अलीकडे थांबलेल्या साध्या डोळ्यांनी दिसतात. ‘आर.सी.टी. – १’ या नोंदीत हे काहीच नव्हते. रुग्णाला स्वतःच्या दाढेच्या आत डोकावता येत नाही, तेव्हा कोणत्याही दवाखान्यात किती नलिका सापडल्या, त्यांची मापे किती आणि शेवटचा एक्स-रे कुठे आहे हे मागून घेण्यात संकोच करण्यासारखे काही नाही. एखादी सळई आत तुटली तरी तसे सांगितले गेले पाहिजे. असे चांगल्या हातूनही होते आणि त्यामुळे दाढ वाया जातेच असे नाही, पण ते कागदावर हवे. काम कोण करणार हेही विचारावे, कारण आपल्याकडे अनेक दवाखान्यांत ठरावीक वारी येणारे तज्ज्ञ डॉक्टर रूट कॅनाल करतात. रूट कॅनाल बीडीएस पदवीधारक डॉक्टरही करतात आणि सरळ केस उत्तम करतात. अवघड दाढ किंवा फेरउपचार असेल तर मात्र कॉन्झर्व्हेटिव्ह डेंटिस्ट्री आणि एन्डोडोन्टिक्स, म्हणजे दात वाचवणे आणि रूट कॅनाल, या विषयातील एमडीएस (पदव्युत्तर पदवीधारक) पाहावा, असे माझे मत झाले आहे.

कॅपविषयी मी या वेळी वाद घातला नाही. नस काढल्यामुळे दाढ ठिसूळ होते असे आपण ऐकतो, पण खरे नुकसान किडीने आणि आत शिरण्यासाठी केलेल्या कापाकापीने होते. उरलेल्या पातळ भिंतींवर चावण्याचा जोर आला की त्या फाकतात. अ‍ॅक्विलिनो आणि कॅप्लन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रूट कॅनालनंतर कॅप न बसवलेले दात कॅप बसवलेल्या दातांच्या सहापट प्रमाणात गमावले गेल्याचे आढळले होते. पुढच्या दातांना दर वेळी कॅप लागतेच असे नाही, दाढांना मात्र बहुतेक वेळा लागते. मी झिर्कोनियाची, म्हणजे दाताच्या रंगाच्या कठीण सिरॅमिकची, घेतली. धातूवर सिरॅमिक चढवलेली कॅप स्वस्त पडते आणि मागच्या दाढेला तीही चालते, असे डॉक्टरांनीच सांगितले. बसवताना निळा कागद चावायला देऊन त्यांनी चार वेळा उंची तपासली, तरी घरी आल्यावर कण लागल्यासारखे वाटत होते. दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा तेवढे घासून दिले, त्याचे पैसे घेतले नाहीत.

एकूण खर्च असा झाला : फेर रूट कॅनाल साडेसहा हजार, स्कॅन दीड हजार, तुटलेला कोपरा बांधून काढण्याचे आठशे आणि कॅपचे सात हजार, मिळून १५,८०० रुपये. माझ्या आरोग्य विम्याने यातला एक रुपयाही दिला नाही, कारण नेहमीच्या पॉलिसीत दातांचे बाह्यरुग्ण उपचार बहुधा वगळलेले असतात. रक्कम लहान नाही. सोलापुरात याहून कमी दरात काम होते, हे मला माहीत आहे आणि पहिल्या वेळी ते करून घेतलेलेही आहे.

उपचाराला पाचपैकी साडेचार आणि वेळ पाळण्याला दीड गुण मी देतो. ऑगस्ट २०२४ मध्ये दवाखान्यातून फोन आला म्हणून तपासणीचा एक्स-रे काढायला गेलो, तेव्हाही पाऊण तास बसवून ठेवले. हिरडीवरची पुळी फेब्रुवारीतच गेली होती. मुळाच्या टोकावरचे काळसर वलय पूर्वीच्या साधारण निम्मे झाले होते, पूर्ण गेलेले नव्हते. हाड भरून यायला महिने लागतात, कधी वर्षाहून अधिक, असे सांगून त्यांनी पुढचा एक्स-रे पुढच्या फेब्रुवारीत ठेवला आणि कडक भाकरी डाव्या बाजूने खायला परवानगी दिली.